एका जुन्या गाडीचा जीर्णोद्धार

सोलापुराहून धाराशिवाकडे येणाऱ्या माणसास तुळजापूरचा घाट चढल्यावाचून गत्यंतर नसते. बालाघाटाच्या पठाराची ही दक्षिणेकडील कड. सह्याद्रीतील घाटांशी तिची तुलना करू गेल्यास हसे होईल. तथापि खालच्या काळ्या रानातून वर येताना वारा बदलतो, आणि माथ्यावर पोचताच आईभवानीच्या गावाची चाहूल लागते, एवढे खरे. आमच्या लहानपणी या घाटाची ख्याती निराळ्याच कारणाने होती. येथे मोटारी तापत. उन्हाळ्याच्या दिवसांत चढणीवर दोनतीन तरी गाड्या तोंडे उघडून, वाफ सोडीत उभ्या असावयाच्या, आणि त्यांतली मंडळी झाडाच्या सावलीत दशम्या सोडून बसलेली असावयाची. त्यांत पुष्कळदा आमचीही गाडी असे.

ही गाडी माझ्या वडिलांनी १९६८ साली घेतली. आम्ही भावंडे त्यांस नाना म्हणत असू. ते त्या वेळच्या उस्मानाबादेत वकिली करीत. फियाट ११०० डिलाइट हे गाडीचे नाव. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी, आणि मग एके दिवशी पत्र यावे की 'आपली गाडी तयार आहे', असा तो काळ होता. घरातल्या तीन बहिणींची पाठवणी तिच्यातून झाली. बाळंतिणी तिच्यातून घरी आल्या. आणि नानांना शेवटी सोलापुरास रुग्णालयात नेले तेही तिच्यातूनच. त्यांच्यामागे काही वर्षे ती चालली, मग एकदा बंद पडली ती वाड्याच्या परसात पत्र्याखाली उभी राहिली. उभी राहिली ती बावीस वर्षे. तिच्या मागच्या आसनावर मांजरे व्याली, उंदरांनी विजेच्या तारा कुरतडल्या, आणि वहिनींनी तिच्या टपावर कुरडया वाळत घातल्या. विकावी असे मात्र कोणी कधी म्हटले नाही.

गतवर्षी माझ्या ज्येष्ठ बंधूंनी, म्हणजे दादांनी, ती पुन्हा चालती करण्याचे मनात घेतले. दादांचे वय चौऱ्याहत्तर. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूंवर शस्त्रक्रिया झालेल्या. एकदा तरी ही गाडी स्वतः हाकीत तुळजापुरास न्यावी, एवढीच त्यांची इच्छा. त्यांचे चिरंजीव पुण्यास मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात अभियंता आहेत. त्यांनी बापाची इच्छा ऐकली आणि मोठ्या उत्साहाने बेत आखून पाठविला : नव्या गाडीचे एंजिन, पाच गिअरांची पेटी, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, आणि वर थंड हवेचे यंत्र. वरून दिसावयास नानांची फियाट, आतून सगळे आजचे.

दादांनी तो कागद वाचला, घडी करून ठेवला आणि म्हणाले, "मग नवीच गाडी घे की. हिला कशाला विटाळतोस?"

झाले! पितापुत्रांत तीन आठवडे अबोला. दूरध्वनीवर नातवाचा अभ्यास आणि पाऊसपाणी एवढेच विषय उरले. अखेर वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही मास्तर आहात. निवाडा करायची सवय आहे तुम्हांला." वास्तविक मला गाडी हाकता येत नाही. त्या फियाटीशी माझा जन्माचा संबंध एवढाच की ती बंद पडली म्हणजे मागून ढकलावयाची. परंतु संस्कृत शिकविणाऱ्यास दोन पक्ष मांडून वाद ऐकण्याची खोड असते; म्हणून मी होकार दिला.

दोन्ही पक्षांत तथ्य होते, हे आरंभीच सांगतो. या गाडीचे एंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, शक्ती चाळीस घोड्यांच्या आसपास, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबास लावलेला आणि ब्रेक चारही चाकांना जुन्या ड्रम पद्धतीचे. सोलापूर-धुळे महामार्ग आता चौपदरी झाला आहे. त्यावर भरलेले ट्रक ज्या वेगाने अंगावर येतात, तो १९६८ साली कोणी कल्पिलाही नव्हता. त्यातून हायड्रॉलिक ब्रेकची मूळ रचना अशी की, चारही चाकांना तेल पुरविणारी व्यवस्था एकच. एके ठिकाणी गळती झाली की चारही ब्रेक गेले. चिरंजीव मला एकांतात म्हणाले, "काका, बाबांना राग आला तरी चालेल. घाट उतरताना काही झाले तर मी काय करू?" नव्या एंजिनाच्या हौसेखाली ही भीती होती.

दादांचे म्हणणे त्यांना नीट सांगता येत नव्हते. ते एवढेच म्हणत, "तिचा आवाज गेला तर ती राहील कोण?"

आता थोडे विषयांतर. या गाडीचे आणि आमच्या जिल्ह्याचे एक नाते आहे, ते पुष्कळांस ठाऊक नसते. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढणारे वालचंद हिराचंद मूळ सोलापूरचे. तरुणपणी घरची सावकारी सोडून ते ठेकेदारीत शिरले, आणि लक्ष्मणराव फाटक या भागीदाराबरोबर त्यांनी घेतलेले पहिले काम म्हणजे बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या टापूचे. येडशी आणि तडवळे ही दोन्ही गावे आमच्याच जिल्ह्यातली. म्हणजे ज्या माणसाने पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर काढल्या, त्याने उद्योगाचे पहिले धडे आमच्या येडशीच्या खडकाळ रानात गिरविले. ती अडीच फूट रुंदीची इवलीशी आगगाडी, एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने आखलेली, १८९७ साली बार्शीस आली आणि १९११ साली लातुरास पोचली. तिच्यातून प्रवास केलेली माणसे अद्याप हयात आहेत. २००७-०८ साली तो लोहमार्ग रुंद झाला. छोटी गाडी गेली आणि मोठी गाडी आता धाराशिवावरून धावते. त्याबद्दल हळहळणारे कोणी भेटले की मी म्हणतो, बाबांनो, ती गाडी माणसांना आणि धान्याला नेण्यासाठी होती. ते काम मोठी गाडी अधिक चांगले करते. तेथे हट्ट धरणे हा मूर्खपणा झाला असता. हे मी दादांनाही ऐकविले. ते म्हणाले, "मी काय फियाटीतून ज्वारी नेणार आहे?"

गाडी ट्रकवर चढवून सोलापुरास एका वृद्ध मिस्त्रींच्या गॅरेजात नेण्यात आली. एंजिन उघडून ते अभिप्राय देणार होते. त्या दिवशी चिरंजीव आपल्या नव्या मोटारीने पुण्याहून आले, आणि आम्ही तिघे धाराशिवाहून निघालो. दिवस भाद्रपदाचे, पाऊस चांगला झालेला. नळदुर्गचे धबधबे सुटले आहेत असे कळले, तेव्हा थोडी वाट वाकडी केली. मोटारीत पितापुत्र बोलत नव्हते. मध्ये माझे भूगोलाचे व्याख्यान चालू होते.

नळदुर्गचा किल्ला ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पावसाळ्याच्या अखेरीस अवश्य पाहावा. बोरी नदी येथे किल्ल्याच्या आतच अडविली आहे. नळदुर्ग आणि रणमंडळ या दोन भागांना जोडणारा जो दगडी बांध आहे, तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीत १६१३ साली पुरा झाला, असे त्यावरील शिलालेखावरून समजते. या बांधाच्या पोटातच पायऱ्या उतरून जावे असा पाणीमहाल आहे. पाणी चढले म्हणजे ते 'नर' आणि 'मादी' अशा दोन सांडव्यांवरून खाली कोसळते, आणि मधल्या कोरीव खिडकीत उभा असलेला मनुष्य तो देखावा कोरड्या अंगाने पाहतो. २०१४ पासून किल्ल्याची देखभाल शासनाच्या योजनेखाली खासगी संस्थेकडे देण्यात आली. बाग, दिवे, नावा असे पुष्कळ झाले. त्यातले काही मला रुचते, काही रुचत नाही. पण बांधास कोणी हात लावलेला नाही, कारण लावण्याचे कारणच नाही.

चिरंजीव त्या खिडकीत बराच वेळ उभे राहिले. धबधब्याच्या गर्जनेत त्यांना ओरडून बोलावे लागले. "काका, चारशे वर्षे झाली! यात सुधारण्यासारखे काही नाही. ज्याने हे केले त्याला किती पाणी येणार, ते कोठून जाणार, हे ठाऊक होते."

मी म्हटले, "आणि फियाट करणाऱ्याला?"

ते काही बोलले नाहीत. पण सोलापूरच्या वाटेवर त्यांनीच विषय काढला : ती गाडी ताशी साठ किलोमीटरने, चार माणसे घेऊन, घाट तिसऱ्या गिअरात चढण्यासाठी केलेली होती, आणि ते काम ती करी. शंभराच्या वेगाचे एंजिन तीत बसविले तर सांगाडा, स्प्रिंगा, चाके, सगळेच त्या वेगासाठी बदलावे लागेल. एक बदलले की दुसरे मागे लागते. "शेवटी फक्त दिवे आणि नाव उरेल," असे तेच म्हणाले. दादा खिडकीबाहेर पाहत होते, पण ऐकत होते.

गॅरेजात एंजिन मेजावर उघडून ठेवले होते. मिस्त्रींनी सिलिंडरांची झीज मोजून दाखविली : बोअर करून नव्या स्लीव्ह घालाव्या लागतील, क्रँक घासावा लागेल, हेडची पातळी करून घ्यावी लागेल, हे सर्व होण्यासारखे आहे. मग त्यांनी रॉकेलच्या बोळ्याने ब्लॉकवरचा एक कोपरा पुसला आणि नोंदणीपुस्तक मागितले. दोन्ही क्रमांक ताडून पाहिले आणि चष्मा काढून दादांना म्हणाले, "साहेब, हे एंजिन ह्या गाडीचं नव्हे."

दादांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ज्या आवाजासाठी त्यांनी मुलाशी अबोला धरला, तो आवाजच दुसऱ्या गाडीचा निघाला! पुस्तकाच्या कव्हरात मागच्या बाजूस घडी घातलेला एक जीर्ण कागद होता. तो चिरंजीवांनी उलगडला. १९७९ साली त्याच बनावटीचे दुसरे एंजिन बसविल्याची मोटार कचेरीची नोंद, खाली शिक्का आणि नानांची वळणदार सही. तेव्हा दादांस आठवले. त्या वर्षी गाडी दोन महिने गॅरेजात होती, नाना कोर्टात सायकलवर जात, आणि विचारले तर म्हणत, "किरकोळ काम आहे." दोन मुलींची लग्ने त्याच सुमारास झालेली. पैशाची ओढ होती ती त्यांनी कोणास कळू दिली नाही. जुने एंजिन घेऊन गाडी चालती केली आणि विषय मिटविला.

चिरंजीवांच्या हाती आता वाद जिंकण्याचे आयते साधन आले होते. 'अस्सल कशास म्हणता?' असा एक प्रश्न पुरे होता. त्यांनी तो विचारला नाही. कागद पूर्ववत घडी करून बापाच्या हाती दिला. त्या मुलाविषयी मला त्या दिवशी फार बरे वाटले.

पुढच्याच आठवड्यात तेरला आमच्या एका आप्तांकडे मुंज होती. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ग्रीक नाविकाच्या 'पेरिप्लस'मध्ये पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलेली मोठी बाजारपेठ. गोरोबाकाकांचे हे गाव म्हणून आपणांस अधिक परिचित. येथील लामतुरे वस्तुसंग्रहालयातील हस्तिदंती पुतळी जगप्रसिद्ध आहे. पण मी दादांस मुद्दाम नेले ते त्रिविक्रमाच्या देवळात.

हे देऊळ विटांचे. गाभाऱ्याची मागची बाजू अर्धवर्तुळाकार, आणि वर गजपृष्ठाच्या आकाराचे छप्पर, अजिंठा-कार्ल्याच्या चैत्यगृहात दिसते तसे. हेन्री कझिन्स या संशोधकाने विसाव्या शतकाच्या आरंभी हे पाहून, मुळात हे बौद्धांचे चैत्यगृह असावे असा तर्क मांडला. पुढचा सपाट छपराचा मंडप नंतरचा, आणि आत उभा असलेला त्रिविक्रमही नंतरचा. असल्या विटांच्या इमारती देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या. ही उरली, कारण तिच्यात दिवा लागत राहिला. बुद्धाची उपासना ओसरली तेव्हा विष्णू आला. ज्याला जागा हवी होती त्याने छप्पर शाकारले, मंडप जोडला, गिलावा केला.

मी दादांस हे सर्व शिक्षकी थाटाने समजावून दिले. ते मूर्तीसमोर उभे राहिले, नमस्कार केला आणि हळूच म्हणाले, "म्हणजे मूळचे करायचे म्हटले तर देवालाच बाहेर काढावे लागेल."

या एका वाक्याने माझ्या निवाड्याचे काम संपले. कोणत्या सालाची गाडी मूळची मानावयाची? कारखान्यातून निघाली त्या दिवसाची, की नानांनी ओढगस्तीत चालती ठेवली त्या दिवसाची? शास्त्रकार एक देवदत्त सांगतात : पूर्वी दुसऱ्या गावी पाहिलेला, आणि आज येथे दिसणारा. काळ निराळा, स्थळ निराळे, देहही पालटलेला. तरी पाहणारा 'तोच हा' म्हणून ओळखतो. ओळखताना विरोधी तेवढे सोडतो आणि उरलेले धरतो. किती सोडले असता ओळख तुटते, हाच काय तो प्रश्न. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधी आहे, तेथेही जीर्ण मूर्ती तशीच पूजेत ठेवा असे म्हटलेले नाही. ती काढावी, आणि जे द्रव्य व जे माप तिचे होते त्याच द्रव्याची, त्याच मापाची नवी बसवावी, असा आशय आहे. जुन्याचा अभिमान सांगणाऱ्यांनी त्यातला पूर्वार्धही वाचावा.

घरी येऊन आम्ही तिघे ओटीवर बसलो. नानांनी बसविलेले एंजिनच राहावयाचे, हे दादांनी सांगण्याआधी चिरंजीवांनी सांगितले. ब्रेक मुलाच्या मताने व्हावयाचे, हे मुलाने मागण्याआधी दादांनी सांगितले. ड्रम तेच ठेवावयाचे. लायनिंग आणि चाकांतील सिलिंडर नवे. आणि मास्टर सिलिंडर दुहेरी, म्हणजे पुढची तेलाची वाट फुटली तरी मागची शाबूत राहावी. पट्टे नवे. दिव्यांचा उजेड वाढवावयाचा आणि डायनॅमोऐवजी आल्टर्नेटर बसवावयाचा. हल्ली पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असते, ते जुन्या रबरास सोसत नाही. म्हणून सर्व नळ्या बदलावयाच्या. काढलेली प्रत्येक वस्तू तेलाच्या फडक्यात गुंडाळून नानांच्या लोखंडी पेटीत ठेवावयाची, की पुढेमागे कोणास पूर्ववत करावेसे वाटले तर चार बोल्ट सोडवून करता यावे. ही शेवटची अट माझी.

सरकारी बाजू थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळ घरांतून अशा गाड्या असतील. २०२१ सालापासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांस 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणी मिळते. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. मात्र सांगाडा, कवच किंवा एंजिन यांत फेरफार केलेला चालत नाही, आणि अशी गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती वगैरेपुरतीच. दादा म्हणाले, "देव्हाऱ्यातला देव नको मला." तेव्हा विलंबाचे शुल्क आणि पर्यावरण कर भरून साधी नोंदणीच पुन्हा करून घेतली. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलात वाटेल तसा बदल करता येत नाही. त्यामुळे चिरंजीवांचा पहिला बेत तेथेही अडलाच असता.

काम चार महिने चालले. मिस्त्रींनी गंजलेली जमीन कापून त्याच जाडीचा पत्रा हातांनी ठोकून बसविला. दरवाज्याच्या मुठी कोठे मिळेनात. त्या मुंबईस कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात मिळाल्या. जेथे गाडी जन्मली तेथूनच तिच्या मुठी आल्या. या जातीच्या गाड्या मुंबईत टॅक्सी म्हणून पिढ्यान्पिढ्या धावल्या. शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. एका गोष्टीत मात्र दादा हटले नाहीत. चिरंजीवांनी रेडिएटरसमोर विजेचा पंखा सुचविला होता. "पट्ट्यावरचा पंखा आहे तोच राहील," असे दादांनी निक्षून सांगितले.

माघातल्या एका सकाळी आम्ही सोलापुराहून निघालो. दादा स्टिअरिंगवर, शेजारी चिरंजीव, मागे वहिनी आणि मी. वहिनींनी आसनावर हात फिरविला आणि मांजरांची चौकशी केली. ताशी पन्नासच्या वेगाने, डाव्या कडेने, ट्रकवाल्यांचे भोंगे ऐकत आम्ही चाललो होतो. घाट लागला. दादांनी दांडा खाली ओढून तिसरा गिअर टाकला, आणि एंजिनाचा तो भरला, जरा घोगरा आवाज दरडीवरून परत आला. दादा काही बोलले नाहीत. वहिनी मात्र पदराने डोळे टिपू लागल्या, तेव्हा मी दुसरीकडे पाहिले.

अर्ध्या चढणीवर तापमानाचा काटा वर चढला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ आली. दादांनी गाडी कडेला घेतली. त्यांचा चेहरा विजयी होता. "बघितलेस? अगदी तशीच!" असे म्हणत ते खाली उतरले आणि बॉनेट उघडून, कमरेवर हात ठेवून, थेट नानांसारखे उभे राहिले.

चिरंजीव काही न बोलता मागे गेले. डिकीतून त्यांनी पाण्याचा डबा काढला. तो सोलापुरातच भरून आणला होता. वहिनींनी दशम्यांचा डबा सोडला.